कानाएवढी ओल

१

गुरुवार उजाडला की सुनीताच्या घरात लग्नघराची धांदल उडायची, आणि जायचं असायचं कुठं, तर कोपऱ्यावरच्या प्लेग्रुपला. पाण्याची बाटली, ती सांडली तर म्हणून दुसरी बाटली, खिमटाचा डबा, जास्तीचे कपडे, कानटोपी, आणि वसंतातलं ऊन चांगलं तापलेलं असलं तरी कानटोपीवर चढवायची आणखी एक टोपी. दीड वर्षाची ठकी या सगळ्या पसाऱ्यात मधोमध बसून मोजा चावत असायची.

सगळ्यात शेवटी तीट. काजळाच्या डबीत करंगळी बुडवून सुनीता लेकीच्या कपाळावर, जरा डाव्या अंगाला, गोल ठिपका लावायची.

"बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराची सून," नितीश बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायचा, "आणि पोरीला दृष्ट लागू नये म्हणून काळं फासते."

"प्रतिज्ञा तुमच्या आजोबांनी घेतल्या. पोर मी काढली पोटातनं."

नितीश हसून 'ते रापा' नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात निघून जायचा. मशिनं बिघडली की त्याला बोलवायचे. बायको बिघडली की कोणाला बोलवायचं, ते मात्र त्याच्या डिप्लोमात नव्हतं, असं तोच म्हणायचा.

ठकी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. सरकारी कागदावर नितीशनं घाईघाईत 'रिया' टाकलं होतं, कारण काय, तर इथल्या लोकांच्या तोंडात सहज बसतं. पण ते नाव घरात कोणाच्या तोंडात बसलं नाही. खरं नाव ठेवायचं ते आत्यानं. नितीशची मोठी बहीण वासंतीताई मूर्तिजापूरला होती, नाव तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं आणि पोटात दाबून ठेवलं होतं. तिचा व्हिसा काही येत नव्हता. एकदा अर्ज परत आला, एकदा फोटो चुकला. फोनवर बारसं उरका म्हटलं तर ती भडकली. "फोनमधनं कुर्र करायला मी काय कोंबडी आहे का? पोरीच्या कानाला माझं तोंड लागलं पाहिजे."

म्हणून बारसं राहिलं होतं आणि पोर ठकी होती. सुनीताच्या आईनं गावाकडनं एकदाच विचारलं होतं, बिननावाचं लेकरू इतके दिवस ठेवतात का गं. त्या दिवसापासून सुनीता तीट जरा मोठी लावायची.

प्लेग्रुप भरायचा तो हॉल म्हणजे त्यांच्या रोटोटुना वस्तीतल्या नव्या कोऱ्या घरांमध्ये कोणीतरी विसरून गेल्यासारखी एक जुनी लाकडी खोली. ती इथली नव्हतीच. लांब नदीकाठी कुठल्याशा मिशनची शाळा होती म्हणे. मधोमध कापून, ट्रकवर घालून इथं आणली आणि पुन्हा जोडली. घर उचलून नेतात हे सुनीताला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती नितीशला म्हणाली होती, "आणि आतली माणसं?"

"माणसं आधी काढतात," तो म्हणाला होता.

खोलीच्या एका टोकाला वीतभर उंचीचा ओटा होता. त्याच्या मागच्या भिंतीवर पूर्वी क्रूस असावा. काढला होता, पण तेवढंच लाकूड फिकट राहिलं होतं, दागिना काढलेल्या गळ्यासारखं. बाकी सगळं रंगीबेरंगी. खेळण्यांचे डबे, चिकणमाती, कोपऱ्यात चहाचा ओटा, अनवाणी पळणारी पोरं. सुनीताला ती जागा आवडायची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण इथं गालिच्यावर मांडी घालून बसलं की पुन्हा शाळेत आल्यासारखं वाटायचं, आणि इथं कोणी पाढे विचारत नव्हतं.

त्या गुरुवारी घरी आल्यावर तिनं ठकीची टोपी काढली, मग कानटोपी काढली. कपाळ ओलं होतं. घामानं असतं तसं नाही, गार. आणि तीट नव्हती. फिसकटली असती तर काळा पट्टा तरी राहिला असता. इथं नुसतं स्वच्छ कपाळ होतं, जसं काही कधी लावलीच नव्हती.

२

"दुसऱ्या पोराच्या बाटलीतलं पाणी उडलं असेल," नितीश म्हणाला.

"दोन टोप्यांच्या आत?"

"मग घाम. दोन टोप्या घातल्यावर मलासुद्धा घाम येईल."

सुनीतानं मान डोलावली. ते बरोबरच होतं. पुढच्या गुरुवारी तिनं एकच टोपी घातली आणि हॉलमध्ये शिरल्याबरोबर तीही काढून ठेवली.

प्लेग्रुप चालवायची ती राहेरा. साठीची, पांढऱ्या केसांची, हसली की अख्खी हलायची. इथल्या मूळच्या लोकांतली, माओरी होती. तिला सगळे फाया राहेरा म्हणायचे. फाया म्हणजे मावशी, आत्या, बाई, सगळंच. खेळून झालं की ती गिटार घेऊन गालिच्यावर बसायची, पोरं गोल करून बसायची, आणि गाण्यात एकेकाला किया ओरा, म्हणजे नमस्कार, म्हटलं जायचं.

सुनीतानं ठकीला मांडीत घेतलं होतं. तीट जागेवर होती. गाणं सुरू झालं. शेजारच्या पोराची बाटली घरंगळत आली, ती तिनं पायानं अडवली, आणि नजर परत आणली तर तीट गेलेली. कपाळावरनं पाण्याचा एक थेंब नाकाच्या शेंड्याकडे चालला होता.

तिनं वर पाहिलं. छताच्या फळ्या खडखडीत कोरड्या होत्या. बाहेर लख्ख ऊन.

"लाकडी घर आहे," संध्याकाळी नितीशनं समजावलं. "आत माणसांची वाफ, बाहेर गार. कुठंतरी पाणी धरतं आणि ठिबकतं. कारखान्यात हेच करतो मी दिवसभर."

"मग तिच्याच कपाळावर का ठिबकतं?"

"तू बसतेस एकाच जागी. जागा बदल."

सुनीतानं जागा बदलली. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती दाराजवळ बसली, क्रूसाच्या ओट्यापासून लांबात लांब. आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच तिनं ठकीच्या कपाळावर आपला तळवा ठेवला, भांड्यावर झाकण ठेवावं तसा. गाणं पूर्ण होईपर्यंत हात हलवला नाही. ठकीनं हात ओढला, चावून पाहिला, सुनीता हलली नाही. तिला स्वतःचंच हसू येत होतं. समोर बसलेली तिची इथली मैत्रीण इट्झेल भुवया उडवून विचारत होती, काय चाललंय म्हणून.

गाणं संपलं. हाताची वरची बाजू कोरडी होती. तिनं हात उचलला.

कपाळावर तीट नव्हती, आणि तळव्यालाही काजळ लागलं नव्हतं. तळव्यावर पाणी होतं, ओंजळीत उरतं तेवढं.

३

यावर कोणी म्हणेल, मग जायचं कशाला तिथं? सुनीताही स्वतःला तेच म्हणाली, आणि एक गुरुवार गेली नाही. त्या दिवशी सकाळभर ठकी दाराशी उभी होती. रडली नाही, हट्ट केला नाही. दोन्ही हात पोटाशी जुळवून, मान जराशी वर करून उभी. आई तोंड धुवायला लागली की पोरं डोळे घट्ट मिटून चेहरा पुढं करतात ना, तसा चेहरा करून.

"ठके," सुनीतानं हाक मारली.

पोर हलली नाही.

"पिल्लू. ठकूबाई. ए चिमणे."

काही नाही. शेवटी, घरात कोणी घेत नव्हतं ते नाव घेऊन पाहिलं. "रिया."

ठकीनं मान वळवली. पण आईकडे नाही. दुसऱ्याच बाजूला, भिंतीकडे, आणि तिथं पाहून ती शहाण्यासारखी हसली आणि तोंडातल्या तोंडात "हिअर" म्हणाली. हजेरी घेतात तेव्हा म्हणतात तसं. प्लेग्रुपमध्ये हजेरी घेतच नाहीत.

कानाचे डॉक्टर झाले. कान उत्तम. आतापासूनच इंग्रजी, म्हणून नितीश हसला. रात्री जेवताना त्यानं स्वतः चमचा खाली ठेवून हाक मारली. एकदा हळू, एकदा मोठ्यानं. ठकी वरणभातात बोटं घालून बसली होती. बापाच्या आवाजानं तिची पापणीसुद्धा लवली नाही.

"सुनीता," तो म्हणाला, आणि पोरीची बोटं आपल्या हातात घट्ट धरली. त्याच्याकडचं वाफेचं कारण संपलं होतं.

सुनीताला कळत होतं ते इतकंच. आपण पोरीला तात्पुरत्या नावांनी बोलावत राहिलो, आणि तिकडं कोणीतरी तिला पक्कं नाव घेऊन बोलवायला लागलं. रोज ती तिकडं थोडी जास्त वळते. एक दिवस पूर्ण वळेल, आणि मग आपण हाका मारत बसू, आणि पोर आपल्या घरात, आपल्या ताटात जेवत असेल, पण आपली नसेल.

४

पुढच्या गुरुवारी ती धपाट्यांचा डबा घेऊन गेली. रिकाम्या हातानं कोणाला काही विचारायचं नसतं, ही गावाकडची शिकवण.

चहाच्या ओट्याशी राहेरा आणि इट्झेल होत्या. इट्झेल मेक्सिकोची, तिचा मुलगा ठकीएवढाच. तिचं इंग्रजीही सुनीतासारखंच लंगडं, त्यामुळं दोघींचं छान जमायचं. एक अडली की दुसरी हात नाचवून वाक्य पूर्ण करायची.

"हे तिखट आहे?" इट्झेलनं धपाटं हुंगलं.

"तुला नाही लागणार. फायाला लागेल."

"मला काही लागत नाही," राहेरा म्हणाली, घास घेतला आणि गटागटा दूध प्यायली.

हसून झाल्यावर सुनीतानं सगळं सांगितलं. तीट, पाणी, तळवा, हाक. सांगताना तिलाच ते वेडपट वाटत होतं. दोघी हसतील म्हणून ती थांबली, पण दोघी हसल्या नाहीत.

राहेरानं हात पुसले. "या खोलीत माझी पणजी शिकली," ती म्हणाली. "आली तेव्हा तिचं एक नाव होतं. आंघोळ घातली, केस कापले, डोक्यावर पाणी घातलं आणि बायबलातल्या रेचलचं नाव दिलं. ते आमच्या तोंडात राहेरा झालं. तेच माझं."

"आणि आधीचं?"

"कोणाला माहीत नाही. तिलाही म्हातारपणी आठवत नव्हतं. सगळ्यात जास्त त्याचंच दुःख करायची म्हणे."

"आमच्याकडं तर रांगा लावायचे," इट्झेल म्हणाली. "आजी सांगायची. जहाजातनं शिपाई उतरले, मागनं पाद्री उतरले. जमीन शिपायांनी घेतली, नावं पाद्र्यांनी. सकाळच्या अख्ख्या रांगेला एक नाव, दुपारच्या रांगेला दुसरं. एका गावात निम्मे हे आणि निम्मे ते. म्हणून माझ्या आईनं हट्टानं माझं नाव जुन्या भाषेतलं ठेवलं."

सुनीताला नितीशचे आजोबा आठवले. अर्धी वाट रेल्वेनं, अर्धी पायी, नागपूरला गेले होते धम्म घ्यायला. ते तर आनंदानं गेले होते. धर्म बदलला म्हणून आमच्या घरात कोणी रडलं नाही, उलट दिवे लावले. मग यात आणि त्यात फरक काय, असं तिनं मनात विचारलं आणि मनातच उत्तर आलं. आजोबा आपल्या पायानं गेले होते.

"फाया, ही खोली वाईट आहे का?"

राहेरानं त्या फिकट क्रूसाकडे पाहिलं. "खोल्या वाईट नसतात," ती म्हणाली. "तुमच्यात पोराला नाव कसं देतात?"

५

वासंतीताईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. तिकडं कुकरची शिट्टी झाली तरी मधे बोलली नाही. हे तिच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

"ताई, मला भ्या वाटतंय," सुनीता म्हणाली. "तुम्ही म्हणाल तर तिकिटं काढून तिकडंच येतो."

"येईपर्यंत पोर थांबेल का?" ताई म्हणाली. "ती गिटारवाली बाई कोण म्हणालीस?"

"फाया राहेरा."

"फाया म्हणजे काय?"

"मावशी, आत्या, बाई. सगळंच."

"मग झालं की. आत्या तिथं बसलेली असताना मी इथं व्हिसाची पूजा करत बसले होय." ताईनं नाक ओढलं. "कान इकडं कर. नाव सांगते. नितीशला आधी सांगू नको, त्याच्या पोटात काही राहत नाही."

सुनीतानं फोन कानाला दाबला. ताईनं नाव सांगितलं, आणि ते ऐकून सुनीताच्या डोळ्यांसमोर तिची सासू आली. जात्यावर बसून पहाटे भीमरायाच्या ओव्या गाणारी.

"आणि हे बघ," ताई म्हणाली, "पाळणा माझ्या आईच्या पांढऱ्या लुगड्याचा कर. तुझ्याकडं दिलंय ते. दुसरं कुठलं नको."

६

बारसं झालं ते गुरुवारीच, भर उन्हात, त्याच खोलीत. आपापल्या घरनं एकेक ताट आणा, असं राहेरानं सगळ्यांना कळवलं होतं. इट्झेलनं मक्याच्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी आणलं, कोणी केक आणला, कोणी कोपऱ्यावरच्या डेअरीतनं, म्हणजे किराणा दुकानातनं, चिप्सची पाकिटं. नितीश सुट्टी टाकून आला. कमरेएवढ्या उंचीवर त्यानं दोन खांबांना दोर बांधून सासरमाहेरच्या भाराला पुरेल असा मजबूत पाळणा केला, आणि स्वतः लोंबून दाखवला.

"अहो, पोर बसणार आहे त्यात. म्हैस नाही."

"टेस्टिंग," नितीश म्हणाला.

पाळण्याचा उरलेला पदर खाली, गालिच्याच्या वीतभर वरपर्यंत, सोडला होता. ओट्याच्या बाजूनं एक पांढरी भिंतच झाली. ओट्यावरच्या खिडकीतनं ऊन येत होतं आणि जुनं लुगडं त्या उन्हात दुधासारखं दिसत होतं. छोटी त्रिशरण वंदना झाली. मग सुनीतानं बायकांना समजावलं. आत्या कानात नाव सांगत असताना बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे.

"खरोखर मारायचं?" एका गोऱ्या आईनं काळजीनं विचारलं.

"खरोखर," राहेरा म्हणाली. "पण मी लक्षात ठेवीन."

ठकी पाळण्यात बसली होती. तोंड आईकडे नव्हतं. मान वर, डोळे मिटलेले, कपाळ पुढं. सकाळी लावलेली तीट अजून होती. राहेरा वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र," ती म्हणाली, माओरी गळ्यातनं ते असं घुमलं की नितीश दचकला. बायका तिच्या पाठीवर तुटून पडल्या. खोली हसण्यानं भरून गेली.

सुनीता पाळणा धरून वाकली होती, म्हणून फक्त तिला दिसलं.

पदराच्या खालच्या काठाखाली, पलीकडच्या बाजूला, पावलं होती. लहान, अनवाणी. इथली पोरं अनवाणीच हिंडतात, ती मनाशी म्हणाली. पण पोरं सगळी अलीकडं होती, केकभोवती. आणि ही पावलं पळत नव्हती. एका ओळीत उभी होती, टाचेला टाच लावून, आणि त्यांच्या खालची जमीन ओली होती.

तिनं नजर वर केली. ऊन मागनं येत होतं. लुगड्यावर सावल्या पडल्या होत्या. लहान लहान डोकी, केस कवटीला चिकटलेले. सगळ्या माना एकाच बाजूला कललेल्या. सगळ्यांनी कापडाला कान लावला होता.

राहेरानं कानात नाव सांगितलं. सावल्यांची डोकी एकमेकांना चिकटली, आणखी जवळ.

"ओवी," राहेरा सरळ होत मोठ्यानं म्हणाली.

"ओवी," नितीश म्हणाला.

"ओवी," सुनीतानं हाक मारली.

पाळण्यातल्या पोरीनं डोळे उघडले. मान खाली केली, वळवली, आणि थेट आईकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढं केले. तिच्या कपाळावर तीट जिथल्या तिथं होती, जराशी डाव्या अंगाला.

७

जेवणं बाहेर गवतावर झाली. नितीश इट्झेलच्या नवऱ्याला धपाटं कसं मोडायचं ते शिकवत होता. ओवी एका माणसाकडनं दुसऱ्याकडं जात होती, आणि ज्यानं हाक मारली त्याच्याकडं वळत होती. सुनीतानं उगाच, काही काम नसताना, दहादा हाक मारून पाहिली. शेवटी राहेरा म्हणाली, "बाई, झिजवशील ते नाव."

पाळणा सोडायला सुनीता एकटी आत आली. मुद्दाम एकटी आली.

खोली नेहमीसारखी होती. पदराखाली कोणाची पावलं नव्हती. पण लुगड्यावर, तिच्या कमरेच्या जरा खाली, ओळीनं डाग पडले होते. ओले. प्रत्येक डाग कानाएवढा. तिनं एकाला बोट लावलं. गार लागलं. तिनं बोट काढलं तर डाग बोटामागनं पुन्हा भरला, जसं पलीकडनं कोणी अजून टेकलेलंच होतं.

पळावं असं पायांना वाटलं. पण ते पाणी आपल्या पोरीच्या कपाळावरचंच होतं, आणि आपल्या पोरीचं काम झालं होतं. या पोरांचं कोण करणार होतं?

नावं काय, ताईकडं ढीगभर असतील. एकेकाला एकेक वाटता येईल. सुनीतानं तोंड कापडाजवळ नेलंसुद्धा. पहिलं नाव ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. रांग लावायची, आपल्या पसंतीचं नाव घालायचं, आणि पुढचं पोर घ्यायचं. हे तर झालंच होतं यांचं एकदा.

बाहेर ओवी खिदळली. कोणीतरी तिला हाक मारली असणार.

सुनीता गुडघ्यांवर बसली. कानामागं केस सारले. ओळीतल्या पहिल्या ओल्या डागाला तिनं आपला कान लावला आणि डोळे मिटले.

"मला माहीत नाहीत रे," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच सांगा."

बाहेर कोणीतरी ताटं आवरत होतं. मग कापड तिच्या कानाशी जरासं आत ओढलं गेलं, बोलायच्या आधी माणूस घेतो तेवढ्या एका श्वासानं.